चार डझनांच्या पेटीत नऊ आंबे खराब : बायनॉमियल, पी-व्हॅल्यू आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलचा सराव

कळवा_पूर्व

नमस्कार मंडळी. वयाच्या ४३ व्या वर्षी पुन्हा पुस्तक हातात घेतलंय. नेरूळला एका लॅबमध्ये नोकरी करते आणि दूरशिक्षणातून पदवी पूर्ण करतेय. जूनमध्ये संख्याशास्त्राचा पेपर आहे. ठाण्याहून नेरूळच्या गाडीत बसायला जागा मिळाली की रोज दोन-तीन गणितं सोडवते. उत्तरं मागच्या पानाशी जुळतातही. पण जुळलेल्या उत्तराचा अर्थ मुलीने विचारला, तर मला तो धड सांगता येत नाही. ही गोष्ट मनाला फार लागून राहिलीय.

म्हणून या रविवारी पुस्तक मिटलं आणि घरातलंच गणित घेतलं. वाशी मार्केटमधून हापूसची चार डझनांची पेटी आणली होती. देणाऱ्याने सांगितलं होतं, "ताई, दहात एखादा जातो, त्याच्या वर नाही." पेटी संपेपर्यंत हिशोब ठेवला. ४८ पैकी ९ खराब निघाले.

आता "दहात एखादा" म्हणजे पी (एक आंबा खराब निघण्याची शक्यता) ०.१. एन (एकूण आंबे) ४८. खराब आंब्यांची सरासरी ४.८ आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) √(४८ × ०.१ × ०.९) = २.०८. इथवर ठीक. पुढे मला तीन उत्तरं आली. बायनॉमियलच्या (दोनच निकाल, इथे खराब किंवा चांगला, असतात तेव्हाच्या) सूत्रात ९ घातले तर ०.०२७५. झेड (सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर) काढला तर (९ − ४.८) ÷ २.०८ = २.०२, तक्त्यातून ०.०२२. आणि शेजारच्या मुलाने कॉम्प्युटरवर काढून दिलं ते ०.०४६३. तिन्ही पाच टक्क्यांच्या नेहमीच्या सीमेच्या आत, म्हणजे दावा नाकारायचा. पण तीन वेगळी उत्तरं का?

त्यावर कडी म्हणजे ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरं प्रमाण कुठून कुठवर असू शकेल याचा नमुन्यावरून काढलेला पट्टा). खराबीचं प्रमाण ०.१८७५, अधिक-उणे ०.११०४, म्हणजे ७.७ टक्के ते २९.८ टक्के. त्यात १० टक्के बसतात की! चाचणी सांगते दावा खोटा, इंटरव्हल सांगतो दावा चालेल. कोणाचं ऐकू?

---

पाचपाखाडी

वाचते आहे. मुलगा एफवायला आहे, त्याला हा धागा दाखवणार.

---

निवृत्त_मास्तर

ताई, प्रश्न उत्तम मांडला आहे. तीस वर्षं हा विषय शिकवला. विद्यार्थी जिथे खरोखर अडतात, त्या जवळजवळ सगळ्या जागा तुमच्या एका पेटीत आल्या आहेत. एकेक घेऊ.

पहिलं, ०.०२७५ हे "नेमके ९" निघण्याचं उत्तर आहे. आपला प्रश्न तो नाही. समजा पेटी चार डझनांची नसून ४८० आंब्यांची आहे आणि विक्रेत्याचा दावा तंतोतंत खरा आहे. तर नेमके ४८ खराब निघण्याची संभाव्यता किती? सुमारे ६ टक्के. ४८ ही तर सगळ्यात जास्त शक्यता असलेली संख्या, तरी ६ टक्केच. आंबे आणखी वाढवा, प्रत्येक नेमक्या संख्येची शक्यता आणखी लहान होत जाईल. म्हणजे "नेमके इतके" हा निकष धरला, तर मोठ्या नमुन्यात कुठलाही निकाल दुर्मीळच ठरेल आणि कुठलाही दावा खोटा पाडता येईल.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: दावा खरा मानला, तर ९ किंवा त्याहून वाईट निघण्याची शक्यता किती? ९, १०, ११ करत ४८ पर्यंत सगळ्यांची, म्हणजे टोकाकडच्या शेपटीची, बेरीज. ती ०.०४६३. यालाच पी-व्हॅल्यू म्हणतात.

आणि एक विनंती. वहीत उत्तराखाली आकडा एकटा ठेवू नका. खाली एक पूर्ण मराठी वाक्य लिहा. सुरुवात "दावा खरा मानला तर" या शब्दांनीच करा. हे चार शब्द गळले की पी-व्हॅल्यूचा अर्थ उलटा होतो. माणूस म्हणू लागतो, "दावा खरा असण्याची शक्यता साडेचार टक्के." तसं पी-व्हॅल्यू अजिबात सांगत नाही. ती दावा खरा धरूनच मोजलेली आहे, मग दाव्याच्या खरेपणाची शक्यता तिच्यातून कशी निघेल?

---

कळवा_पूर्व

सर, ४८० आंब्यांचं उदाहरण वाचून एकदम लख्ख झालं. इतके दिवस "शेपटीची बेरीज घ्यायची" हा नियम म्हणून घेत होते. का घ्यायची ते कळत नव्हतं.

वाक्य लिहून पाहते: "दावा खरा मानला, म्हणजे खराबीचं प्रमाण १० टक्के धरलं, तर ४८ आंब्यांत ९ किंवा जास्त खराब निघण्याची संभाव्यता ४.६ टक्के आहे." बरोबर?

---

निवृत्त_मास्तर

बरोबर. शंभर टक्के.

---

महापे_क्वालिटी

मी कारखान्यात क्वालिटी बघतो, रोजचं काम हेच. ०.०२२ आणि ०.०४६३ यांतला फरक सांगतो.

झेड हा बायनॉमियलच्या जागी घंटेच्या आकाराची नॉर्मल वक्ररेषा धरून काढलेला अंदाज आहे. बायनॉमियल पायऱ्यापायऱ्यांचा असतो, ८ नंतर थेट ९. नॉर्मल सलग असतो. तुम्ही ९ पासून पुढचं क्षेत्रफळ घेतलंत, पण ९ ची पायरी ८.५ पासून सुरू होते. तिचा अर्धा भाग सुटला. ८.५ घेऊन करा: (८.५ − ४.८) ÷ २.०८ = १.७८, उत्तर ०.०३७५. खऱ्या ०.०४६३ च्या बरंच जवळ आलं. याला कंटिन्युइटी करेक्शन म्हणतात. परीक्षेत "नॉर्मल अंदाज वापरा" असं म्हटलं असेल तर हा अर्धा विसरू नका.

तरी फरक उरतोच, कारण इथे नॉर्मल मुळात नीट बसत नाही. बहुतेक पुस्तकांत एन गुणिले पी किमान ५ हवं असं असतं, काही १० मागतात. तुमचं ४.८ आहे. पी लहान असल्याने वितरण उजवीकडे लांबट शेपटीचं होतं आणि ती शेपटी नॉर्मलला दिसत नाही. मग सरळ बायनॉमियलच वापरायचं.

एक्सेलमध्ये करताना १ मधून "८ किंवा कमी" वजा करायचे. खूप जण तिथे ९ घालतात आणि ९ चीच पायरी कापली जाते. मग उत्तर ०.०१८७ येतं. कामावर नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला हे मी हाताने करून दाखवतो: ० ते ८ एका बाजूला, ९ ते ४८ दुसऱ्या बाजूला, मध्ये रेघ. रेघ मारली की चूक होत नाही.

---

खाडीकाठ

गणित सुंदर चाललं आहे, पण मला मुळातच शंका आहे, आणि ती मांडली नाही तर चैन पडणार नाही. माझ्या माहेरी देवगडला कलमं आहेत, आंबा लहानपणापासून हाताळलाय.

बायनॉमियल वापरायचं तर प्रत्येक आंबा दुसऱ्यापासून स्वतंत्र हवा. पेटीतला आंबा तसा नसतो. एक सडला, त्याचा रस लागला की शेजारचे दोन जातात. एका पेटीतले आंबे बहुधा एकाच बागेतले, एकाच दिवशी उतरवलेले, एकाच टेम्पोतून आलेले. वाईट येतात तेव्हा घोळक्याने येतात. तुमच्या ४८ आंब्यांनी ४८ वेगळ्या साक्षी दिलेल्याच नाहीत.

दुसरं, "खराब" म्हणजे काय धरलंत? साका निघालेला आंबा बाहेरून तुकतुकीत असतो, कापल्यावरच आत पांढरट, स्पंजासारखा दिसतो. तो विकणाऱ्यालाही दिसत नाही. त्याने "दहात एखादा जातो" म्हटलं तेव्हा सडण्याबद्दल म्हटलं की साक्यासकट? ९ हा आकडा मोजायच्या आधी हे ठरवलं होतं का?

---

कळवा_पूर्व

खरं सांगते, नव्हतं ठरवलं. वही पुन्हा पाहिली. ९ पैकी ५ सडलेले, ४ साक्याचे. आणि ते ५ पेटीच्या एकाच कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून, पेंढा ओला झालेला.

आणखी एक सांगायला हवं. पहिले दोन आंबे काढले तेच खराब निघाले, म्हणून मी मोजायला घेतलं. चांगले निघाले असते तर मोजले नसते.

---

निवृत्त_मास्तर

खाडीकाठ यांनी मूळच पकडलं. सूत्र लावण्याआधी विचारायचा प्रश्न त्यांनी विचारला. मी वर्गात हा प्रश्न पुरेसा विचारला नाही, असं आज मागे वळून वाटतं. पाठ्यपुस्तकात "नमुना यादृच्छिक आहे असे समजा" एवढ्या वाक्यात तो उरकलेला असतो.

घोळक्याने खराब होणारे आंबे असले, की पेट्यापेट्यांमधला फरक √(एनपीक्यू) पेक्षा (क्यू म्हणजे १ − पी, तुमचं ते २.०८) मोठा होतो. काही पेट्यांत एकही नाही, काहींत एकदम आठ-दहा. मग ९ निघणं जितकं दुर्मीळ वाटलं तितकं ते नसतं. ०.०४६३ हा आकडा स्वातंत्र्य गृहीत धरून आलेला आहे. ते गृहीतक गेलं की तोही जातो.

ताईंनी शेवटी जे लिहिलं ते त्याहून महत्त्वाचं. आधी खराब दिसलं, मग मोजलं. याचा परिणाम किती होतो ते आकड्यात बघा. समजा दावा अगदी खरा आहे, प्रत्येक आंबा स्वतंत्रही आहे, आणि तुमच्या भागातल्या २० घरांनी एकेक पेटी आणली. एका घरी ९ पेक्षा कमी निघण्याची शक्यता ०.९५३७. वीसच्या वीस घरी कमी निघण्याची ०.९५३७ चा विसावा घात, सुमारे ०.३९. म्हणजे किमान एका घरी तरी ९ किंवा जास्त निघण्याची शक्यता ६१ टक्के! आणि धागा त्याच घरातून निघतो. उरलेली १९ घरं आमरस करून मोकळी होतात.

म्हणून या पेटीवरून त्या विक्रेत्याला खोटं ठरवता येणार नाही.

संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे हे नाव ताईंनी ऐकलं असेल. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११. पिकाचं उत्पन्न किती आलं हे नमुना पाहणीने मोजण्याच्या पद्धतीवर त्यांनी मोठं काम केलं. पीक कापणी प्रयोगात शेताचा कोणता तुकडा कापायचा हे शेतकरीही ठरवत नाही आणि तलाठीही नाही. यादृच्छिक अंक ठरवतात. कारण माणसाच्या हाती निवड दिली की डोळा आपोआप एक तर भरलेल्या कोपऱ्याकडे जातो, नाही तर किडलेल्या. तुमचा ओल्या पेंढ्याचा कोपरा तसाच.

---

सानपाडा_सेक्टर_पाच

मग हे सगळं करून उपयोग काय? आंबा खराब असेल तर परत करायचा, एवढं गणित कशाला?

---

कळवा_पूर्व

आंब्याचं नुकसान भरून निघावं म्हणून हे करत नाहीये. लॅबमध्ये मी रोज रिपोर्टवर सही होताना बघते. डॉक्टर "नॉर्मल रेंज"च्या बाहेरच्या आकड्यावर गोल करतात आणि पेशंटचा चेहरा उतरतो. ती रेंज पुष्कळदा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. म्हणजे निरोगी माणसांतही वीसात एक जण त्या गोलात सापडतो. हे मला आता आता समजायला लागलंय, आणि नीट समजून घ्यायचंय. आंबा हातात होता म्हणून आंबा.

---

सानपाडा_सेक्टर_पाच

माफ करा ताई, मी घाईत लिहिलं. लिहीत राहा.

---

महापे_क्वालिटी

रिपोर्टचं उदाहरण अगदी चपखल. वीस वेगवेगळ्या तपासण्या एकदम केल्या तर काय होईल ते मास्तरांच्या वीस घरांच्या गणितासारखंच. फक्त तपासण्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे नेमका आकडा वेगळा येईल.

आता इंटरव्हलचा राहिलेला गुंता. स्वातंत्र्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून फक्त गणित बघतो, कारण परीक्षेत हे येणारच.

यात दोन गाठी आहेत. पहिली, चाचणी तुम्ही एकतर्फी केलीत, "जास्त खराब आहे का?" एवढंच विचारलंत, पाचही टक्के उजव्या शेपटीत. ९५ टक्क्यांचा इंटरव्हल दोन्ही बाजूंना अडीच-अडीच टक्के सोडतो. त्यामुळे तुमच्या चाचणीची जोडी ९० टक्क्यांच्या इंटरव्हलशी लागते. पण तो काढला तरी खालचं टोक ९.५ टक्के येतं, १० आतच. म्हणजे दुसरी गाठ आहेच.

ती प्रमाण त्रुटीत (नमुना बदलला की त्यातलं प्रमाण साधारण किती हलतं, त्यात) आहे. झेड काढताना आपण दावा खरा धरतो, म्हणून √(०.१ × ०.९ ÷ ४८) = ०.०४३३. इंटरव्हल काढताना दावा विसरतो आणि आपल्याच नमुन्यातलं प्रमाण घेतो, √(०.१८७५ × ०.८१२५ ÷ ४८) = ०.०५६३. मोजपट्टीच बदलली! मोठ्या नमुन्यात दोन्ही जवळ येतात, ४८ मध्ये येत नाहीत.

संख्याशास्त्रज्ञ एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये यावर उपाय दिला. इंटरव्हलमध्ये अशाच पी ठेवायच्या ज्या झेडच्या चाचणीत नाकारल्या जाणार नाहीत, आणि प्रत्येक पी तपासताना प्रमाण त्रुटी त्या पी वरूनच काढायची. तुमच्या आकड्यांना विल्सनचा इंटरव्हल १०.२ टक्के ते ३१.९ टक्के येतो. १० टक्के निसटते बाहेर. आता झेडची चाचणी आणि इंटरव्हल एकच बोलतात.

नेमक्या बायनॉमियलवरून ९५ टक्क्यांचा इंटरव्हल काढला तर खालचं टोक सुमारे ९ टक्के येतं, आणि १० पुन्हा आत जातात. माझं मत विचाराल, तर उंबरठ्यावरचा आकडा असला की पद्धत बदलल्यावर निकाल बदलतो, आणि तेव्हा "नाकारला" किंवा "नाही नाकारला" असा एक शब्द लिहून थांबू नये. इंटरव्हल पूर्ण लिहावा. वाचणाऱ्याला कळेल की खराबी नऊ-दहा टक्क्यांपासून तीसपर्यंत कुठेही असू शकते, म्हणजे ४८ आंब्यांत आपल्याला फार थोडं कळलं आहे.

---

पाचपाखाडी

मुलाने विचारलंय: "म्हणजे खरं प्रमाण १०.२ ते ३१.९ मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के, असंच ना?" त्यांच्या क्लासमध्ये असंच सांगितलंय म्हणे.

---

निवृत्त_मास्तर

त्याला सांगा की असं नाही. आणि हेही सांगा की ही चूक मोठमोठ्यांची होते.

जत्रेत रिंग टाकायचा खेळ असतो. खुंटी जागेवर ठाम रोवलेली असते, हलते ती आपल्या हातातली रिंग. खरं प्रमाण ही खुंटी. ते काही का असेना, एकच आहे, ठरलेलं आहे, आपल्याला माहीत नाही एवढंच. इंटरव्हल ही रिंग. नमुना बदलला की रिंग दुसरीकडे पडते. ९५ टक्के ही आपल्या फेकीच्या पद्धतीची कसोटी: याच पद्धतीने पुन्हापुन्हा नमुने घेतले तर शंभरातल्या साधारण ९५ रिंगा खुंटीत अडकतील. हातातून सुटून खाली पडलेली ही एक रिंग अडकली तरी आहे किंवा नाही तरी.

संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा त्यांचा भर यावरच होता. परीक्षेत लिहायचं वाक्य: "या पद्धतीने काढलेल्या इंटरव्हलांपैकी ९५ टक्के इंटरव्हल खऱ्या प्रमाणाला सामावून घेतात, आपल्या नमुन्यावरून आलेला इंटरव्हल १०.२ ते ३१.९ टक्के."

लांबलचक आहे, पण आखूड करायला गेलं की अर्थ जातो.

---

भाजणीवाली

मीही अडलेली आहे, इथेच विचारू का? डोंबिवलीहून ऐरोलीला राहायला आले तेव्हापासून घरी थालीपिठाची भाजणी करून विकते. पाकीट अर्ध्या किलोचं. माझ्या हाताला माप कमी जातं की काय असं मनात येत होतं, म्हणून ९ पाकिटं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि वजन केलं. सरासरी ४९४ ग्रॅम, प्रमाण विचलन ९ ग्रॅम. भाचा म्हणाला, "मावशी, तू माप कमी देतेस, झेड उणे २ आलाय, १.९६ च्या पलीकडे." तेव्हापासून झोप लागत नाहीये. गिऱ्हाईक माझ्यावर विश्वास ठेवून घेतं.

---

महापे_क्वालिटी

ताई, आधी झोपा. भाच्याने चुकीचा तक्ता उघडला.

हिशोब बरोबर आहे: ९ ÷ √९ = ३, आणि (४९४ − ५००) ÷ ३ = −२. पण ९ ग्रॅम हे प्रमाण विचलन त्याच ९ पाकिटांवरून काढलेलं आहे, ते स्वतःच डळमळीत आहे. इतक्या लहान नमुन्यात झेड नाही, टी वापरायचा. स्वातंत्र्यांक (पाकिटं उणे एक) ८ ला दोन्ही बाजूंच्या चाचणीची सीमा २.३०६. उणे २ तिच्या आतच राहतो. इंटरव्हल ४९४ ± ६.९, म्हणजे ४८७.१ ते ५००.९. त्यात ५०० बसतात. झेडने काढला असता तर ४८८.१ ते ४९९.९ आला असता आणि ५०० थोडक्यात बाहेर राहिले असते. एका तक्त्याच्या फरकाने निकाल फिरला.

हा टी विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये दिला. डब्लिनच्या गिनेस या बिअर कारखान्यात ते काम करायचे. बार्ली वगैरेचे थोडेच नमुने हातात असायचे, आणि थोड्या नमुन्यांवर झेड लावला की माणूस नको तितका ठाम बोलतो, हे त्यांच्या लक्षात आलं. लेख स्वतःच्या नावाने छापला नाही, "स्टुडंट" या टोपणनावाने छापला. म्हणून आजही स्टुडंट्स टी.

मात्र "माप बरोबर आहे" असंही सिद्ध झालेलं नाही हं. कमी जात असल्याचा पुरेसा पुरावा ९ पाकिटांत नाही, इतकंच. २५-३० पाकिटं वजन करा. आणि ९ ग्रॅमचा फरक पाकिटापाकिटात का पडतोय ते बघा. मी तुमच्या जागी असतो तर आधी काटा तपासला असता.

---

भाजणीवाली

किती बरं वाटलं म्हणून सांगू! वजन चमच्याने अंदाजे भरून मग काट्यावर ठेवते, घाईत दोन-चार ग्रॅमकडे बघत नाही. तिथेच फरक पडत असणार. आता तीस पाकिटं करते.

---

खाडीकाठ

आंब्याचा मोसम संपायच्या आत एक सराव सुचवते, मुलांनाही आवडेल. घरी पैज लावा: हापूस आणि कर्नाटकी डोळे बांधून ओळखता येतो का? आठ वाट्या, चारांत हापूस, चारांत दुसरा. फोडी सारख्या आकाराच्या, सारख्या गार. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. चाखणाऱ्याला फक्त "यातल्या चार हापूसच्या" इतकंच सांगायचं.

आठातून चार निवडण्याचे ७० मार्ग. नुसता अंदाज ठोकला तर चारही बरोबर येण्याची शक्यता ७० त एक, १.४ टक्के. तीन बरोबर येण्याचे १६ मार्ग. म्हणजे तीन किंवा चार बरोबर येण्याची शक्यता १७ ÷ ७०, तब्बल २४ टक्के. तेव्हा तीन ओळखले म्हणून मिरवायचं नाही.

ही माझी कल्पना नव्हे. संख्याशास्त्रज्ञ रोनल्ड फिशर यांच्या एका सहकारी बाईंचं म्हणणं होतं की चहात दूध आधी घातलं की नंतर हे मला चवीवरून कळतं. फिशर यांनी आठ कपांचा हाच प्रयोग १९३५ च्या आपल्या पुस्तकात मांडला. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की किती बरोबर आले तर मानायचं हे कप ओठाला लागायच्या आधी ठरलेलं असतं.

(देवगडची असल्याने हापूस ओळखू येतो असं मला मनापासून वाटतं. पण २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे आणि पालघरही आहेत. देवगडचा आणि ठाणे जिल्ह्यातला हापूस समोर ठेवला तर ओळखेन का? करून बघितल्याशिवाय बोलणार नाही.)

---

कळवा_पूर्व

मंडळी, बारा दिवसांनी परत आलेय, आणि नवी वही घेऊन आलेय.

आमच्या सोसायटीत १६ घरांनी मिळून पेट्या मागवल्या, त्याच विक्रेत्याकडून. या वेळी सगळं आधी लिहून काढलं. खराब म्हणजे सडलेला किंवा साक्याचा, दोन्ही. विक्रेत्यालाही फोन करून विचारलं, तो म्हणाला साक्यासकट दहात एक. प्रत्येक पेटीतले आंबे ओळीने मोजायचे आणि मुलीने चिठ्ठ्यांतून काढलेल्या तीन क्रमांकांचे घ्यायचे. १६ गुणिले ३, पुन्हा ४८. नाकारण्याची सीमाही आधीच ठरवली, ९ किंवा जास्त. पिकल्यावर माझ्याच स्वयंपाकघरात कापले, शेजारणी बसल्या होत्या.

६ खराब निघाले.

० ते ५ एका बाजूला, ६ ते ४८ दुसऱ्या बाजूला, मध्ये रेघ मारली. वाक्य: "दावा खरा मानला तर ४८ पैकी ६ किंवा जास्त आंबे खराब निघण्याची संभाव्यता ०.३४७ आहे." विल्सनचा इंटरव्हल ५.९ ते २४.७ टक्के. हे सगळं हाताने केलं, मग शेजारच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर ताडून पाहिलं. जुळलं.

निष्कर्ष लिहिलाय: "म्हणून विक्रेत्याचा दावा खरा आहे."

---

महापे_क्वालिटी

व्वा! एका पेटीतले तीन आंबे अजूनही थोडे एकमेकांचे सोबती आहेतच, पण एका कोपऱ्यातल्या पाचांपेक्षा किती तरी बरं.

---

निवृत्त_मास्तर

ताई, मन भरून आलं. फक्त शेवटची ओळ खोडा.

समजा खराबी खरोखर २० टक्के असती, दाव्याच्या दुप्पट. तर ४८ आंब्यांत ९ किंवा जास्त निघून आपल्या चाचणीने ते पकडण्याची शक्यता ६४ टक्के होती. म्हणजे शंभरातल्या ३६ वेळा दुप्पट खराबीही आपल्या हातून निसटली असती. तुमचा इंटरव्हलही २४.७ पर्यंत जातो, २० त्याच्या आतच आहे. "खरा आहे" कुठून आणायचं?

---

कळवा_पूर्व

खोडलं. आता असं लिहिलंय:

"या ४८ आंब्यांवरून विक्रेत्याचा दावा नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही. खराबीचं प्रमाण ५.९ ते २४.७ टक्के यांत कुठेही असू शकेल."

मुलीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "मग अजून किती आंबे कापायला लागतील?" ते गणित माझ्या पुस्तकात पुढच्या प्रकरणात आहे, उद्या गाडीत काढते.

---

भाजणीवाली

माझी तीस पाकिटं उद्या होतील. आकडे इथेच टाकते.